कटगुणला जाऊन आलो

सांगलीहून एस.टी.नं सातारा, तिथून खटाव तालुक्यातलं कटगुण. जोतीबांचं मूळ गाव. त्यांचा पणजा इथला चौगुला, आडनाव गोऱ्हे. चरित्रकार सांगतात, कुळकर्ण्यानं छळलं, यानं त्याला ठार केलं आणि पुरंदरातली खानवडी गाठली. पुढं पुण्यात पोरं पेशव्यांना फुलं पुरवू लागली नि गोऱ्ह्यांचे फुले झाले. त्याच घरातले जोतीबा १८६८ ला घरचा हौद आपल्या लोकांना खुला करतात, मांजरीला शेती करतात, १८७६ पासून पुणे नगरपालिकेत बसतात.

आता माझं घर. आज्जा येसकर. १९५८ च्या कायद्यानं वतन जाईस्तोवर येसकरच. "लेखणी कुळकर्ण्याची, काठी आपली. आपलं नाव ल्हिणार कोण?" म्हणायचा. त्यानंही एकदा काठी उगारली होती म्हणे. पळाला मात्र नाही. पळणार कुठं? गोऱ्ह्यांना गाव बदलून आडनाव बदलता आलं. आम्ही कुठंही गेलो तरी वेशीबाहेरच.

घरी येऊन बाला विचारलं, "आज्ज्याच्या बापाचं नाव काय?"

बानं विडी विझवली. "मला न्हाय ठावं. माझ्या आत्तीला इचार. ती अजून हाय."

उद्या वही घेऊन कवठेमहांकाळला निघतोय.