चित्रगृहांतला चहा

दारूच्या दुकानांत पाऊल टाकण्याचा योग सत्तरी उलटेपर्यंत माझ्या वांट्याला आला नव्हता. आणि आला तो सकाळीं दहा वाजतां, लंडनमध्यें, सख्ख्या पुतण्याच्या सोबतीनें! वाचकांनीं दचकूं नये. मीं तेथें चहा घेतला. आणि खरें सांगायचें तर मी तेथें दारूसाठीं गेलों नव्हतों आणि चहासाठींही गेलों नव्हतों. मी एक थिएटर पाहायला गेलों होतों.

"काका, उद्यां तुम्हांला एक जुनें थिएटर दाखवतों, चला," असें पुतण्या आदल्या रात्रीं म्हणाला, तेव्हां मी जरा सावध झालों. आमच्या घरांत गेलीं सात वर्षें थिएटर हा शब्द कोणी सहजासहजीं उच्चारीत नाहीं. तालुक्याच्या गांवीं वडिलांनीं उभारलेलें आमचें पत्र्याच्या छपराचें टॉकीज बंद पडून आहे. माझा धाकटा भाऊ तें विकूं पाहतो, आणि माझ्या सहीवांचून त्याचें घोडें अडलें आहे. एक गिऱ्हाईक तें पाडून दुकानांचे गाळे काढूं म्हणतो, आणि दामही चांगला देतो. दुसरा तें उभें ठेवून त्याचें मंगल कार्यालय करूं म्हणतो, पण त्याचा हात आंखडता आहे. मीं दोघांनाही नकार दिला होता. ज्या भिंतीवर आमच्या अख्ख्या गांवानें मुंबई पाहिली, कोल्हापूर पाहिलें, देव पाहिले आणि नट्या पाहिल्या, त्या भिंतीखालीं जिलब्यांच्या पंगती उठाव्यात, ही कल्पनाच मला सोसत नव्हती. पुतण्या हा त्याच भावाचा मुलगा. तेव्हां हा मुलगा मला थिएटर दाखवायला नेत नसून वकिली करायला नेत आहे, हें मीं ओळखलें होतें.

हॉलोवे रोड हा उत्तर लंडनमधला रुंद आणि सदा वाहता रस्ता. त्यावर 'द कॉरोनेट' नांवाची ही पेढी आहे. तिला तिकडे पब म्हणतात. इमारत १९४० च्या फेब्रुवारींत उघडली. एबीसी ह्या मोठ्या चित्रगृह-मंडळीनें ती बांधविली. विल्यम ग्लेन हा त्यांचा वास्तुशिल्पकार. आणि तेव्हांचें नांव 'सॅव्हॉय'. तो काळ वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावा. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध पुकारलें गेलें, त्यावेळीं एकाच बाँबनें शेंकडों माणसें मरतील ह्या भीतीनें सरकारनें सारीं चित्रगृहें बंद करविलीं होतीं. पण थोड्याच आठवड्यांत तीं पुन्हां उघडावीं लागलीं. मरणाची भीति माणसाला सोसते, करमणुकीवांचूनचा दिवस सोसत नाहीं, असाच ह्याचा अर्थ नव्हे काय? रस्त्यावर दिवा लावायची बंदी. त्या अंधारांतून चांचपडत लोक यावयाचे आणि आंतल्या दुसऱ्या, मायाळू अंधारांत खांद्याला खांदा लावून बसावयाचे. १९८३ मध्यें येथले चित्रपट थांबले. पुढें कांहीं काळ येथें स्नूकरचीं टेबलें मांडलीं होतीं. १९९६ पासून येथें वेदरस्पून ह्या कंपनीचा पब आहे.

ही कंपनी म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या नांवाजलेल्या खाणावळीच्या शाखा गल्लोगल्लीं निघाव्यात तसा प्रकार. टिम मार्टिन ह्या गृहस्थानें १९७९ सालीं उत्तर लंडनमध्येंच, मस्वेल हिल येथें, पहिलें दुकान काढलें; आज तीं सुमारें आठशें आहेत. जुन्या बँका, टपाल कचेऱ्या, चित्रगृहें, क्वचित् प्रार्थनामंदिरेंसुद्धां घेऊन त्यांत ती आपला संसार थाटते. दर स्वस्त, दार सकाळींच उघडें, प्रत्येक दुकानाची सतरंजी वेगळ्या नक्षीची, आणि भिंतींवर त्या त्या वस्तीचा इतिहास चौकटींत लावलेला. बहुतेक ठिकाणीं गाणीं वाजवीत नाहींत. ह्या शांततेमागें एक लेख आहे असें म्हणतात. जॉर्ज ऑर्वेल ह्या लेखकानें १९४६ च्या फेब्रुवारींत 'ईव्हिनिंग स्टँडर्ड' पत्रांत आपल्या मनांतल्या आदर्श पबाचें वर्णन केलें होतें. त्या पबांत रेडिओ नव्हता, पियानो नव्हता. माणसाला माणसाशीं बोलतां यावें इतपत शांतता होती. त्याचें नांव 'द मून अंडर वॉटर', म्हणजे पाण्याखालचा चंद्र. असा पब जगांत कोठेंच नाहीं, अशी कबुलीही त्यानें अखेरीस दिली होती. बिहारांत मोतीहारीला जन्मलेला हा गृहस्थ त्या दिवसांत हॉलोवेहून फारसा दूर नसलेल्या कॅननबरी स्क्वेअरमध्यें राहत असे. ह्या कंपनीनें मात्र तो चंद्र पाण्याबाहेर काढून त्याच्या पाट्या केल्या. त्या नांवाचे तिचे अनेक पब निघाले. मँचेस्टरचा, १९९५ सालीं उघडलेला, तर एका जुन्या चित्रगृहांतच होता.

आंत गेलों आणि प्रथम मान वर केली. छत कोठल्या कोठें उंच! दुकानासाठीं कोणी इतकें उंच छत बांधीत नाहीं. तें स्वप्नासाठीं बांधलेलें असतें. मग माझी नजर आपोआप मागें वळली, पाठीमागच्या भिंतीवर. कशासाठीं, हें पुतण्याला कळलें नाहीं. ज्याचें बालपण चित्रगृहांत गेलें तो आधीं पडदा पाहत नाहीं. प्रकाश ज्यांतून येतो तीं चौकोनी भोकें पाहतो. आमच्या टॉकीजच्या त्या भोकांमागें वडील स्वतः बसत. कार्बनच्या कांड्या जळाल्याचा वास त्यांच्या कोटाला येई. मी निजेपर्यंत ते घरीं येत नसत. म्हणून तो वास आला कीं वडील आले, असें मला झोंपेंतही समजे.

आम्हीं एक टेबल धरलें. पुतण्यानें मोबाइलवरूनच चहा मागविला. सभोंवार पाहिलें तर आमच्यासारखे पंधरावीस लोक. बहुतेक म्हातारे, बहुतेक एकटे. एकाच्या पुढें वर्तमानपत्र, एकाच्या पुढें चहाचा पेला, एकाच्या पुढें इतक्या सकाळींही बिअर. कोणी कोणाशीं फारसें बोलत नव्हतें. पण कोणी उठूनही जात नव्हतें. नोकर मुलगी टेबल पुसतांना एका म्हाताऱ्याशीं दोन शब्द बोलली, आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. गिरगांवांतल्या इराण्याकडे एका चहावर अख्खी सकाळ काढणारीं माणसें मीं पाहिलीं होतीं. तींच जणूं येथें गोरीं होऊन बसलीं होतीं. घरांतली भट्टी पेटवण्यापेक्षां येथें बसणें स्वस्त पडतें, असें पुतण्या हलक्या आवाजांत म्हणाला.

मग मीं मनांतल्या मनांत फिर्याद दाखल केली. चित्रगृहांत सारे एका दिशेला पाहत. येथें जो तो आपापल्या पेल्यांत पाहतो. तेथें शेंकडों माणसें एका क्षणीं हंसत. येथें हंसूं आलें तरी एकट्याला येतें. हा ऱ्हास नव्हे तर काय? पण फिर्याद मांडतां मांडतां आरोपीच बदलला. हें थिएटर पबानें मारलें नव्हतें. १९४६ सालीं ब्रिटनमध्यें वर्षाला सुमारें १६३ कोटी तिकिटें खपलीं, म्हणजे तान्ह्या मुलांसकट दर माणशीं तीस खेपांहून अधिक. १९८४ मध्यें तोच आंकडा साडेपांच कोटींच्याही आंत आला. मध्यें दूरचित्रवाणी घरोघर शिरली होती. आणि तिला मोठा हात दिला तो १९५३ सालच्या राणीच्या राज्याभिषेकानें, कारण तो सोहळा घरबसल्या पाहण्यासाठीं लोकांनीं यंत्रें विकत घेतलीं. कॉरोनेट म्हणजे लहानसा मुकुट. मुकुटानेंच चित्रगृहें रिकामीं केलीं आणि रिकाम्या चित्रगृहावर पुढें मुकुटाचीच पाटी चढली, हा योगायोग गमतीचाच म्हणावयाचा!

ह्याच रस्त्यावर थोडें पुढें एक चित्रगृह अद्यापि चित्रगृह म्हणूनच चालू आहे. १९३८ सालीं तें उघडलें, १९४४ मध्यें बाँबनें उद्ध्वस्त झालें, आणि १९५८ मध्यें पुन्हां उभें राहिलें. तेव्हां वांचणें अशक्य असतें असें नाहीं. पण वांचायला बाँबपेक्षां प्रेक्षक अधिक महत्त्वाचे, एवढेंच.

आणि मुकुटावरून मला आमच्याच मुंबईचें एक नांव आठवलें. दादासाहेब फाळके १९१२ सालीं लंडनला आले, येथून कॅमेरा घेऊन परतले, आणि ३ मे १९१३ रोजीं त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' गिरगांवांत ज्या घरांत लागला त्याचें नांव होतें कॉरोनेशन. तें घर आज नाहीं. 'आलम आरा' ज्या मॅजेस्टिकमध्यें १९३१ सालीं बोलला, तेंही नाहीं. तेथें आतां दुकानें आहेत. त्या जागेवरून मी कितीदां तरी गेलों असेन. पण मान वर करून पाहावें असें तेथें कांहीं उरलेंच नाहीं. येथें, परक्या मुलखांत, दारूच्या दुकानांत, मीं मान वर केली होती.

आजोबांचीही आठवण झाली. वडिलांनीं शेत गहाण टाकून टॉकीज काढलें तेव्हां आजोबा म्हणाले होते कीं, पोरानें गांवाच्या वेशींत गुत्ता उघडला. त्या पिढीला सिनेमा आणि दारू हीं सख्खीं भावंडें वाटत. वडिलांनीं वाद घातला नाहीं. पहिला पौराणिक चित्रपट लागला त्या रात्रीं त्यांनीं आजोबांना हाताला धरून आणलें आणि सर्वांत मागच्या खुर्चीवर बसविलें, एवढेंच. त्या खुर्चीचा दाखला मी जन्मभर अभिमानानें देत आलों. आणि आज स्वतः मात्र आजोबांच्याच जागीं जाऊन बसलों होतों.

"काका," चहाचा पेला फिरवीत पुतण्या म्हणाला, "रागावूं नका, पण त्या छपराखालीं दर पावसाळ्याआधीं बाबा स्वतः जातात. कबुतरांची घाण काढतात. कर भरतात. गेल्या वर्षीं शिडीवरून पडले, तें त्यांनीं तुम्हांला कळवूं दिलें नाहीं."

तो एवढेंच बोलला. माझ्याजवळ त्याला उत्तर नव्हतें. सात वर्षें मी पुण्यांत बसून वडिलांच्या स्मृतीचें रक्षण करीत होतों. त्या रक्षणाचा खर्च मात्र भाऊ गांवीं राहून भरीत होता. आठवण माझी आणि शिडी त्याची! जें जपण्यासाठीं आपल्याला कांहींच द्यावें लागत नाहीं त्यावर आपण फार निष्ठेनें प्रेम करतों, हा स्वभावाचा दोष मला त्या उंच छताखालीं प्रथमच स्पष्ट दिसला.

वाचकांनीं असें समजूं नये कीं मला पब आवडला. अंधार गेला तो गेलाच. आणि त्या अंधारांत शेजारच्या अनोळखी माणसाबरोबर एकदम श्वास रोखून धरण्याचें सुख कोणत्याही पेल्यांत मिळत नाहीं. त्याचें दुःख मला आहे आणि राहील. पण थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसांना बसायला देणारी भिंत आणि कबुतरांना बसायला देणारी भिंत ह्यांतली कोणती वडिलांनीं पसंत केली असती, ह्याविषयीं मला शंका उरली नाहीं.

तेथेंच बसून मीं भावाला पत्र लिहिलें; हल्लीं पत्र म्हणजे मोबाइलवरचा मजकूर. लिहिलें कीं, मंगल कार्यालयवाल्याला होकार कळव. गाळेवाल्याच्या मानानें जी तूट येईल ती माझ्या वांट्यांतून घे. परवान्यांची खटपट करायला मी स्वतः येतों. अट एकच: मागच्या भिंतींतलीं तीं दोन चौकोनी भोकें बुजवूं नयेत. लग्नाला आलेलीं पोरें विचारतील, हीं कशाचीं. तेव्हां कोणीतरी सांगेल.

पुतण्यानें तो मजकूर वाचला नाहीं. मीं दाखवलाही नाहीं. तो दुसरा चहा आणायला उठला. भावाचें उत्तर अजून यावयाचें आहे.