सियालदहच्या गच्चीवरची शाळा

दार्जिलिंगला निघालेल्या मराठी पर्यटकाला कोलकात्यात दोन स्टेशनं भेटतात. मुंबई-नागपूरकडून येणारी गाडी बहुतेक वेळा हावड्याला सोडते आणि न्यू जलपाईगुडीकडे जाणारी दार्जिलिंग मेल रात्री सियालदहहून सुटते. हाताशी दिवसाचे काही तास असले की आपण व्हिक्टोरिया मेमोरियल बघतो, रसगुल्ले खातो आणि संध्याकाळी बॅगा सांभाळत सियालदहच्या गर्दीत शिरतो. पण या स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर एक शाळा आहे. तिची गोष्ट माहीत असावी अशी आहे.

आधी स्टेशनकडे बघू. पहाटेपासून कॅनिंग, बनगाव, कृष्णनगरच्या लोकल इथे माणसं ओततात. घरकामाला येणाऱ्या बायका असतात, भाजीवाले असतात, हमाल असतात. शेजारीच कोले मार्केट हा भाजीचा मोठा घाऊक बाजार आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी याच फलाटांवर संसार मांडले होते. बेघर माणसाला स्टेशन सोडवत नाही, याला साधी कारणं आहेत. वर छप्पर असतं, नळाला पाणी असतं, रात्रभर उजेड असतो. गाडीत उरलेलं खायला मिळतं आणि रिकाम्या बाटल्या विकून चार पैसे सुटतात. लहान मुलाचा दिवस त्यावर निघतो. शाळा मात्र त्यात कुठेच बसत नाही.

स्टेशनकडून आचार्य जगदीशचंद्र बोस रस्त्यानं दक्षिणेला चालू लागलं की मौलालीचा चौक लागतो. तिथेच लोरेटो डे स्कूल, सियालदह ही मुलींची शाळा आहे. लोरेटोच्या सिस्टर्स 1841 मध्ये आयर्लंडहून कोलकात्याला आल्या आणि शहरात त्यांच्या नामांकित शाळा उभ्या राहिल्या. मदर तेरेसा याच संघात होत्या. 1948 मध्ये त्या बाहेर पडल्या आणि गरिबांमध्ये काम करू लागल्या. त्यांचं मदर हाऊस याच रस्त्यावर थोडं पुढे आहे.

1979 मध्ये सिस्टर सिरिल मूनी या आयरिश बाई सियालदहच्या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. तेव्हा फी न भरणाऱ्या मुली अगदी मोजक्या होत्या. त्यांनी हा आकडा वर्षागणिक वाढवत नेला. 1990 च्या दशकाच्या अखेरीस शाळेत सुमारे 1400 मुली होत्या आणि त्यातल्या जवळपास निम्म्या फीशिवाय शिकत होत्या. गणवेश एक, बाक एक, परीक्षा एक. हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती अशा सगळ्या घरच्या मुली एका वर्गात बसत.

पण फाटकाबाहेरच्या मुलांचं काय? त्यांना घंटेच्या वेळेला येता येत नव्हतं. कुणाला सकाळी भंगार गोळा करायचं असे, कुणाला धाकटं भावंडं सांभाळायचं असे. म्हणून 1985 मध्ये ‘रेनबो’ सुरू झालं. शाळेची वरची मोठी गच्ची या मुलांसाठी उघडली. जमेल तेव्हा यायचं आणि जमेल तेवढा वेळ बसायचं.

शिकवणार कोण? शाळेतल्याच मुली. पाचवी ते दहावीच्या विद्यार्थिनी कार्यानुभवाच्या तासाला गच्चीवर येत. एका मुलापाशी एक ताई बसे, समोर पाटी किंवा शब्दांची कार्डं. आपल्याकडे कार्यानुभवाला कागदाची फुलं करतात. इथे एखाद्या ताईच्या मदतीनं कुणीतरी स्वतःचं नाव लिहायला शिकत असे. वाचन-गणिताची तयारी झाली की मुलाला वयाप्रमाणे नियमित शाळेत घालायचं, हा पुढचा टप्पा.

तरी एक प्रश्न उरत होता. संध्याकाळ झाली की मुली पुन्हा फुटपाथवर. वयात येणाऱ्या मुलीसाठी फुटपाथवरची रात्र म्हणजे काय, हे सांगायला नको. इकडे शाळेची पक्की इमारत, पाणी, संडास-बाथरूम, पंखे हे सगळं रात्रभर कुलपात पडून. मग मुलींच्या राहण्याची सोय शाळेतच झाली. दिवसा जिथे शिकायचं, तिथेच जेवायचं आणि झोपायचं. नवी जमीन लागली नाही, वेगळं अनाथालयही बांधावं लागलं नाही. ज्यांची आई जवळच फुटपाथवर राहते, त्यांचं आईशी नातंही तुटत नाही.

हीच कल्पना पुढे लोरेटोच्या इतर शाळांनी उचलली. नंतर हैदराबाद, दिल्लीसारख्या शहरांत सरकारी शाळांच्या आणि इमारतींच्या रिकाम्या खोल्यांतही अशी ‘रेनबो होम्स’ उभी राहिली. सिस्टर सिरिल यांना 2007 मध्ये पद्मश्री मिळाली. 2023 मध्ये त्या गेल्या.

कोलकात्याला गेलात तर एवढं लक्षात ठेवा. ही शाळा आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही. आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी आणि मुलांचे फोटो काढू नयेत. स्टेशनवर, मग ते सियालदह असो, दादर असो की नागपूर, एकटं मूल दिसलं तर हातावर दहा रुपये ठेवून पुढे जाऊ नका. 1098 ही चाइल्डलाइन लावा किंवा फलाटावरच्या रेल्वे पोलिसांना सांगा. दहा रुपयांनी त्याची संध्याकाळ निघेल. फोन केलात तर रात्री ते सुरक्षित जागी झोपलेलं असू शकेल.

आणि घरी परतल्यावर आपल्या गावातल्या शाळेकडेही एकदा बघा. संध्याकाळी पाचला तिला कुलूप लागतं. आत किती खोल्या रिकाम्या असतात?