करड्या तट्टावरील स्वार

भयकथा ऐकण्याची हौस लहानथोरांस सारखीच असते. पावसाळ्याच्या रात्री बोर्डिंगातील दिवे गेले म्हणजे ‘सर, भुताची गोष्ट सांगा’ असा मुलांचा आग्रह सुरू होतो, आणि माझ्यासारखा शिक्षकही वरकरणी ‘नको, नको’ म्हणत कंदील जवळ ओढून बसतो. गेल्या वर्षी आषाढातील अशाच एका रात्री माझ्या हातून एक चूक घडली. ती आज येथे कबूल करावयाची आहे.

हल्ली भयकथांचा एक विशेष प्रकार लोकप्रिय झाला आहे. त्यात दूरचे एखादे बेट असते. सभोवार धुके, दगडी कुंपणे, जुनी विहीर आणि परक्याकडे टक लावून पाहणारे अबोल गावकरी. शहरातील कोणी सुशिक्षित गृहस्थ तेथे जातो व गावाची प्राचीन रूढी त्याला गिळून टाकते. सन १९७३ मधील ‘द विकर मॅन’ हा चित्रपट या प्रकाराचा नमुना समजला जातो; त्यातील बेट स्कॉटलंडचे आहे. आयर्लंडच्या पश्चिमेकडील बेटेही अशा कल्पनेला फार मानवतात. २०२२ च्या ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’ या चित्रपटातील बेट कल्पित आहे व तो भयपटही नव्हे. तथापि मृत्यूचे भाकीत करणारी म्हातारी त्यातही आहेच. त्याचे काही चित्रण अ‍ॅरन बेटांपैकी इनिशमोर येथे झाले.

ही अ‍ॅरन बेटे मात्र खरी आहेत. गॉलवेच्या उपसागराच्या तोंडाशी इनिशमोर, इनिशमान आणि इनिशीर अशी ती तीन आहेत. सर्वत्र चुनखडीचा उघडा खडक. मातीचा दुष्काळ, म्हणून तेथील लोकांनी वाळू व समुद्रातील शेवाळ वाहून आणून खडकावर पसरले आणि त्याचीच शेते केली. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर लावलेले जाड कापड ताणून केलेल्या हलक्या होड्यांतून ते अटलांटिक महासागरावर जात असत. जॉन मिलिंग्टन सिंज हा आयरिश लेखक १८९८ साली प्रथम येथे आला आणि १९०२ पर्यंत पुनःपुन्हा येत राहिला. येथे जे पाहिले व ऐकले त्यातून त्याने ‘रायडर्स टु द सी’ ही एकांकिका लिहिली. ती १९०४ साली डब्लिन येथे प्रथम रंगभूमीवर आली.

त्या रात्री मी मुलांना याच नाटकातील एक प्रसंग सांगितला. मोर्या नावाची एक वृद्ध माता आहे. तिचा सासरा, पती आणि एकामागून एक मुलगे समुद्राने नेले आहेत. मायकेल नावाचा मुलगा कित्येक दिवसांपासून बेपत्ता आहे. शेवटचा मुलगा बार्टली वादळाची चिन्हे दिसत असताही घोडे घेऊन जत्रेस निघतो. आई रागाच्या भरात त्याला आशीर्वाद देत नाही. मग पश्चात्ताप होऊन भाकरी घेऊन झऱ्यापाशी जाऊन उभी राहते. बार्टली तांबड्या घोडीवर बसून येतो. मागून करडे तट्टू येत असते, आणि त्या तट्टावर मायकेल बसलेला असतो! अंगावर उंची वस्त्रे, पायांत नवे जोडे. आशीर्वादाचे शब्द मातेच्या कंठातच अडकतात. थोड्याच वेळात ते करडे तट्टू बार्टलीला समुद्रात लोटून देते.

मी आवाज खोल केला, कंदिलाची वात कमी केली आणि तट्टाच्या टापा बाकावर वाजवून दाखविल्या. मुले किंचाळली, मग हसली. मला माझ्या कलेचा अभिमान वाटला.

दुसऱ्या दिवशी कोकण किनाऱ्यावरून आलेला नववीतील एक मुलगा मजकडे आला. “सर, तो मायकेल पुढे सापडला का?” त्याने विचारले. गोष्टीतील हा भाग मी गाळला होता. त्यात भय नाही, म्हणून मजाही नाही असे मला वाटले होते. मी सांगितले, “त्याचे प्रेत दूर उत्तरेस डोनेगलच्या किनाऱ्याकडे सापडले. तेथेच त्याला पुरले आणि अंगावरील सदरा व एक मोजा घरी पाठविला. बहिणीने स्वतःच्या हाताने तो मोजा विणला होता. साठ टाके घातले होते आणि त्यांतील चार सोडले होते. तिने टाके मोजले, आणि तिला ओळख पटली.”

मुलगा काही वेळ उगाच उभा राहिला. मग म्हणाला, “म्हणजे त्यांना मोजा तरी मिळाला. आमच्या काकांचे काहीच आले नाही, सर. आजी अजून विचारते.”

मी निरुत्तर झालो. ज्या प्रसंगावर मी मुलांना हसविले होते, तो या बालकाच्या घरचा होता. एका मातेचे दुःख मी बाकावर टापा वाजवून विकले होते. शिवाय, अशा लोकांच्या भुताखेतांवरील विश्वासाला केवळ अज्ञान म्हणून हसण्याची मला जुनी सवय होती, तीही त्या क्षणी मला खुपली.

त्या रात्री मी सिंजचे अ‍ॅरन बेटांवरील पुस्तक पुन्हा उघडले. तो मोजा अगदीच कल्पित नव्हता. डोनेगलला लागलेल्या एका प्रेताच्या वस्त्रांवरून तो मनुष्य कोण असावा याचा शोध बेटावरील लोक घेत होते, हे सिंजने तेथे असता पाहिले होते. बेटावरील एका वृद्ध कथेकऱ्याने त्याला बजाविले होते की, कोटाच्या गळपट्टीखाली सुई टोचून ठेवावी, म्हणजे पऱ्यांचे काही चालत नाही. पूर्वी मी या सुईला हसलो असतो. आता वाटते, ज्याच्या हाती समुद्राविरुद्ध दुसरे कोणतेच शस्त्र नाही त्याने सुई तरी जवळ का बाळगू नये? सुईने कोणी वाचत नाही, हे मी आजही वर्गात सांगेन. पण हसत सांगणार नाही. आणखी एका वृद्धाने सिंजला सांगितले होते की, ज्याला समुद्राचे भय नाही तो लवकर बुडतो, कारण जाऊ नये त्या दिवशी तो जातो. हे भय मूर्खाचे नव्हे, शहाण्याचे आहे.

भयकथेतील बेटवासी परक्याचा बळी देतात. खऱ्या बेटावर बळी जात होता तो बेटवासीयांचाच, आणि घेणारा समुद्र होता. नाटकाच्या शेवटी मोर्या कोणाला शाप देत नाही. ती मृत पुत्रावर पवित्र पाणी शिंपडते आणि आपल्या सर्व मृतांसाठी, तसेच जगात जिवंत उरलेल्या प्रत्येकासाठी देवाची दया मागते. ज्याला तिच्या गोष्टीत केवळ भूत दिसले, त्याने गोष्ट अर्धीच वाचली; मीही अर्धीच सांगितली होती.

पुढील सत्रात ते संपूर्ण नाटक आम्ही वर्गात वाचले. त्या मुलाने मोजा ओळखणाऱ्या बहिणीचे, नोराचे, वाक्य आपण होऊन मागून घेतले. तो संथपणे वाचीत गेला; टाके मोजण्याची वेळ आली तेव्हा वर्गात कोणीही हसले नाही. त्या दिवसापासून बोर्डिंगातील सायंकाळच्या प्रार्थनेत समुद्रावर असलेल्यांसाठी आणि त्यांची वाट पाहणाऱ्यांसाठी एक विनंती आम्ही जोडली आहे.

विद्यार्थिमित्रहो, भयकथा अवश्य वाचा. मीही वाचतो, आणि दिवे गेले म्हणजे सांगतोही. मात्र अंगावर काटा उभा राहिला की क्षणभर थांबून विचारा, या गोष्टीत रडत कोण आहे? कदाचित ती व्यक्ती तुमच्या शेजारच्या बाकावर बसलेली असेल.