अर्ध्यावर सोडलेला राजपुत्र

तुमच्या घरात नव्वदच्या दशकात कुणी कॉम्प्युटरवर काम केलं असेल, तर त्यांना सहज विचारून बघा, "तुम्ही 'प्रिन्स' खेळायचात का हो?" बहुतेक त्यांचा चेहरा उजळेल. काळ्या पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला छोटासा राजपुत्र, पाऊल चुकलं की जमिनीतून वर येणारे सुळे, आणि वजिराच्या कैदेतून राजकन्येला सोडवायला हातात जेमतेम ६० मिनिटं.

माझे बाबा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत खेळायचे. मी सात-आठ वर्षांची असताना घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी तो मलाही शिकवला. "पळू नकोस. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाक. सुळ्यांतून चालत गेलं तर काही होत नाही, पळालं की संपलं." मी हमखास पळायचे आणि हमखास मरायचे. आठव्या लेव्हलला राजपुत्र बंद दारामागे अडकतो, तेव्हा राजकन्येने पाठवलेला एक उंदीर येतो, जमिनीतली कळ दाबतो आणि दार उघडतं. तो उंदीर पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

हा गेम १९८९ मध्ये आला. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने बनवला. राजपुत्राची चाल खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, व्हिडिओ कॅमेऱ्याने ते टिपलं आणि एकेका चित्रावरून राजपुत्र रेखाटला. संगीत वडिलांनी दिलं. ॲपल टू कॉम्प्युटरची मेमरी इतकी अपुरी होती की नव्या शत्रूची चित्रं त्यात मावेनात. मग त्याने राजपुत्राच्याच चित्रांतून त्याची सावली तयार केली आणि तीच त्याची शत्रू झाली. पुढे या गेमचा मूळ कोड हरवल्यासारखाच होता. २०१२ मध्ये तो घरातल्या एका खोक्यात, जुन्या फ्लॉपींवर सापडला. शोधला कुणी? वडिलांनीच. मेकनरने तो सगळ्यांसाठी खुला करून टाकला.

म्हणजे हा गेम घरात जन्मला आणि घरानेच जपला. म्हणून त्याचं पुढे जे झालं ते मला जास्त लागतं.

नंतर या मालिकेची सूत्रं एका मोठ्या फ्रेंच कंपनीकडे गेली. सुरुवात झकास झाली. २००३ मध्ये त्यांच्या मॉन्ट्रियलच्या स्टुडिओने, मेकनरला सोबत घेऊन, 'द सँड्स ऑफ टाइम' आणला. गोष्ट सुरू होते भारतातल्या एका महाराजाच्या महालात. राजपुत्र तिथून एक खंजीर पळवतो. त्या खंजिराने काळ मागे नेता येतो. चूक झाली? बटण दाबा, काही सेकंद मागे जा, पुन्हा उडी मारा. सोबत असते महाराजाची मुलगी फराह. तिच्या बापाचं राज्य याच राजपुत्राच्या लोकांनी लुटलेलं असतं, त्यामुळे ती त्याच्यावर विश्वास ठेवते तो अगदी हळूहळू, कुरकुरत. मी शाळेत असताना हा गेम खेळले आणि पूर्ण झाल्यावर लगेच पहिल्यापासून सुरू केला.

पुढच्याच वर्षी दुसरा भाग आला आणि माझा हसरा, थोडा गर्विष्ठ राजपुत्र दात-ओठ खाणारा, रक्ताळलेला योद्धा झाला होता. २००८ मध्ये सगळं पुसून नवा राजपुत्र, नवी गोष्ट. ती मला आवडली, पण तिचा शेवट अधांतरी ठेवला. पुढचं प्रकरण नंतर वेगळं विकलं, तेही कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांसाठी आलंच नाही, आणि गोष्ट तिथेच थांबली. २०१० मध्ये हॉलिवूडचा सिनेमा आला, तेव्हा पुन्हा जुन्या राजपुत्राची आठवण झाली. दरम्यान, राजपुत्राच्याच एका नव्या भागासाठी मांडलेल्या कल्पनेतून 'ॲसॅसिन्स क्रीड' ही वेगळी मालिका निघाली, तिने कंपनीला भरभरून दिलं आणि घरचं मूळ पोर मागे पडलं.

मग सप्टेंबर २०२० मध्ये बातमी आली. 'सँड्स ऑफ टाइम' नव्याने बनतोय, आणि तो बनवतायत कंपनीचे पुणे आणि मुंबईचे स्टुडिओ!

आम्ही मूळचे साताऱ्याचे, पण राहायला बडोद्याला. पुण्याचं नाव ऐकल्यावर बाबांना काय झालं असेल, याची कल्पना महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना नक्की येईल. त्यांनी ट्रेलर घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या पोरांनी केलंय." ज्या आत्याने जन्मात गेम खेळला नाही, तिनेही हात जोडल्याची खूण पाठवली. बाबा मला म्हणाले, "आला की दोघं मिळून खेळू. उड्या तू मार, दारं मी शोधतो."

आता एक कबुली देते. ट्रेलरमधले चेहरे निर्जीव दिसत होते, चित्रं जुनाट वाटत होती. जगभरच्या चाहत्यांनी थट्टा सुरू केली आणि त्या थट्टेत मीही होते. 'मेणाचा राजपुत्र, उन्हात ठेवू नका' असा विनोद करून मी मित्रमैत्रिणींना पाठवला आणि हसणाऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडल्यावर तो बाबांनाही वाचून दाखवला. ते हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "अजून पूर्ण कुठे झालाय?"

गेम जानेवारी २०२१ मध्ये यायचा होता. तारीख मार्चवर गेली, मग तारीखच राहिली नाही. २०२२ मध्ये काम पुणे-मुंबईकडून काढून मॉन्ट्रियलला दिलं गेलं. २०२४ मध्ये छोटीशी झलक दाखवून २०२६ चा वायदा केला. आणि जानेवारी २०२६ मध्ये, म्हणजे पहिल्या तारखेनंतर पाच वर्षांनी, कंपनीने इतर काही गेमसोबत तो रद्द करून टाकला.

बातमी वाचल्यावर मला आधी राग आला आणि मग तो विनोद आठवला. मी पोटासाठी लिहिते. कच्चा मसुदा घाईने पुढे पाठवायला लावला, लोक त्याला हसले आणि मग तो दुसऱ्या कुणाच्या हातात दिला गेला, हे माझ्याही बाबतीत घडलंय. त्या रात्री झोप लागली नव्हती. पुण्यातल्या कुणा मुलीने राजपुत्राच्या अंगरख्याच्या चुण्या महिनोन्महिने नीट केल्या असतील. तिच्या घरीही कुणी ट्रेलर ग्रुपवर टाकला असेल. काम वाईट दिसत होतं, हे खरंच. तसं म्हणण्याचा हक्क मला होता. पण अर्धं शिजलेलं ताट पाहुण्यांसमोर मांडायचं हे ठरवलं कुणी, आणि हसं झालं कुणाचं? मी चुकीच्या माणसांना हसले.

माझी तक्रार 'जुनं तेच सोनं' अशी नाही. २०२४ च्या सुरुवातीला आलेला 'द लॉस्ट क्राउन' पूर्ण नवा होता, नायकही वेगळा, आणि मी तो रात्री जागून संपवला. खेळताना कळत होतं की बनवणाऱ्यांनी मूळ गेम मनापासून खेळलाय: तीच जपून टाकायची पावलं, तेच सापळे. पण त्याच वर्षी ती टीम मोडून माणसं दुसऱ्या कामांवर पाठवली गेली. म्हणजे बिघडलं तरी सोडून द्यायचं आणि जमलं तरी सोडून द्यायचं! माझी तक्रार आहे ती या सोडून देण्याची. दर काही वर्षांनी राजपुत्राचं नाव खुंटीवरून काढायचं, झटकायचं, आमच्या आठवणींना हाक मारायची आणि काम अर्ध्यावर असताना पुन्हा टांगून ठेवायचं.

तुम्ही म्हणाल, एका खेळासाठी एवढं काय? बरोबर आहे, कुणाचं काही अडत नाही. पण ज्या घरात बाप-लेक फारसं बोलत नाहीत, तिथे बोलायला असा एखादा धागाच असतो. कुणाकडे क्रिकेट असेल, कुणाकडे जुनी गाणी. आमच्याकडे हा राजपुत्र होता. "आला की खेळू" या वाक्यावर आम्ही पाच वर्षं काढली.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी जुना, १९८९ वालाच गेम माझ्या लॅपटॉपवर चालू करून घेतला आणि बाबांसमोर ठेवला. आधी त्यांना त्या विनोदाबद्दल सॉरी म्हटलं. त्यांना तो आठवतही नव्हता, किंवा त्यांनी तसं दाखवलं. चश्मा चढवून ते बसले. बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत. तिसऱ्या लेव्हलला चार वेळा मेले. मग उड्या माझ्याकडे आल्या आणि दारं त्यांच्याकडे.

आठव्या लेव्हलला पोचलो तेव्हा पंधराच मिनिटं उरली होती. दार बंद झालं. मी उगाच इकडेतिकडे पळवायला लागले. बाबांनी माझ्या हातावर हात ठेवला.

"थांब जरा. येईल तो."

आणि उंदीर आला.