‘कमिट’ आणि शब्द देणें

इंग्रजींत ‘कमिट’ हें एक विलक्षण क्रियापद आहे. मनुष्य गुन्हा ‘कमिट’ करतो, आणि त्याच क्रियापदानें त्याची तुरुंगांत रवानगीहि होते. विद्यार्थी कविता मुखोद्गत करतो तेव्हां ती स्मृतीला ‘कमिट’ करतो. इंग्रजी दफनविधींत देह मातीच्या स्वाधीन करतांनाहि हाच शब्द उच्चारतात. पाप, पाठांतर आणि मृत्यु एका शब्दांत कसे नांदतात, असा प्रश्न माझे विद्यार्थी नेहमीं विचारतात.

त्याचें उत्तर लॅटिनमध्यें आहे. ‘कोम्’ म्हणजे एकत्र आणि ‘मिट्टेरे’ म्हणजे पाठविणें. त्यांपासून बनलेल्या क्रियापदाला जोडणें, सोंपविणें आणि अपराध करणें हे तिन्ही अर्थ लॅटिनमध्येंच होते. इंग्रजींत सोंपविण्याचा अर्थ विशेष फोफावला. ‘कमिटी’ शब्दहि याच घराण्यांतला. आरंभीं तो मंडळाला नव्हे, तर ज्याच्यावर काम सोंपविलें आहे अशा एकट्या माणसाला लावीत. कमिट्यांचा अनुभव असणाऱ्यांना ती जुनी रीतच बरी वाटेल!

सोंपविण्याचा खरा कस लागतो तो वचन देतांना. जुन्या वळणाचें इंग्रजी लिहिणारा ‘आय कमिट मायसेल्फ’ असें लिहितो. येथें कर्ता तोच आणि कर्महि तोच. सोंपवावयाची वस्तु म्हणजे आपण स्वतः. अलीकडे ‘मायसेल्फ’ गळून नुसतें ‘कमिट’ रूढ झालें आहे. कोशांनींहि तें स्वीकारलें, तेव्हां त्याला अशुद्ध म्हणतां येत नाहीं. पण काय द्यावयाचें आहे, तें आतां वाक्यांत दिसत नाहीं.

आपल्या घरांतून तर हा शब्द बहुधा नकारासाठींच येतो. परदेशीं असलेला माझा भाचा दूरध्वनीवर आईला म्हणाला, “दिवाळीला येण्याचा प्रयत्न करीन, पण कमिट करीत नाहीं.” यांत अप्रामाणिकपणा नव्हता; रजा त्याच्या हातीं नव्हती, आणि खोटा शब्द देण्यापेक्षां हें बरेंच. माझ्या बहिणीचें इंग्रजी बेताचें. तरी तिला अर्थ नेमका कळला. तिनें पुन्हा विचारलें नाहीं.

मराठींत आपण शब्द देतों आणि मग त्याला ‘जागतों’. देणें क्षणाचें, जागणें दीर्घ. ज्याला जागण्याची खात्री नाहीं, त्यानें शब्द देऊं नये हें खरेंच. परंतु जो कोणालाच कधीं शब्द देत नाहीं, त्याची वाट पाहण्याचा अधिकारहि मग कोणाला उरत नाहीं.