जागेपणाचे दफ्तर

कथेत स्वप्न आणावयाचे म्हटले की लेखणी आधी धुके पसरते, मग चांदणे मागवते आणि शेवटी टिंबांची रांग लावून मोकळी होते. वाचक मात्र या सरंजामावरूनच सावध होतो आणि नायक दचकून उठण्यापूर्वी स्वतः जागा होऊन बसतो. हेब्बाळमध्ये राहून मराठी कथा लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला यावरचा उतारा म्हैसूर शहरातच सापडला, कारण इथल्या यादवगिरीत आर. के. नारायण यांचे घर आहे, आणि स्वप्न व जागृती यांच्या सरहद्दीची मोजणी त्यांच्या ‘द इंग्लिश टीचर’इतकी (१९४५) चोख मी क्वचितच पाहिली आहे.

नारायण यांच्या पत्नी राजम १९३९ साली विषमज्वराने वारल्या. पुढे माध्यमाच्या हातून उमटणाऱ्या लेखनातून त्यांच्याशी संवाद घडतो अशी नारायणांची श्रद्धा बसली, आणि त्या कादंबरीतील कृष्णन व सुशीला या दांपत्याची कहाणी बहुतांशी आपलीच, हे त्यांनी आत्मचरित्रात नमूद केले आहे. असे असूनही, परलोकाची घाई न करता, ते कितीतरी पाने संसाराच्या दफ्तरात रमतात: महिन्याच्या वाणसामानाची यादी, हिशेबाला कडक सुशीला, भलत्या वेळी घणघणणारे घड्याळ, ते तिने रद्दीबरोबर विकून टाकल्यावरचा अबोला आणि अखेर तापाचा तक्ता. एवढ्या दाखल्यांची रुजुवात झाल्यावर ती मरणोत्तर बोलू लागली, तर तिची ओळख पटवण्यास निराळा साक्षीदार लागत नाही.

धारवाडच्या जी. ए. कुलकर्णी यांनी नेमकी उलट तजवीज केली. ‘रमलखुणा’तील (१९७५) ‘प्रवासी’मध्ये ओळखीचे जागेपण मुळातच खारीज असल्यामुळे स्वप्न ताडून पाहण्यास काही उरतच नाही. ही वाट अधिक भव्य खरी, परंतु जी. एं.ची भाषा जवळ नसताना तिने निघालेले किती लेखक वाटेतच हरवले!

मी आपला नारायणांच्या बाजूचा. स्वप्नातल्या घराचे भाडे मी ठरवून टाकतो, आणि जाग आल्याची वर्दी देत नाही. कादंबरीच्या शेवटी सुशीला पहाटे प्रत्यक्ष येते, आणि तो भास की साक्षात्कार याचा निवाडा न देता नारायण थांबतात. उत्तरार्ध दुबळा, ही समीक्षकांची तक्रार जुनी आहे, आणि माध्यमाबरोबरच्या बैठकींच्या प्रकरणांपुरती ती मला मान्य आहे: तिथे परलोकात संगीत आहे, आनंद आहे, पण सुशीलेने घासाघीस करावी असा एकही वाणी नाही.