मुक्काम तरडगाव

गाझियाबादला संध्याकाळ लवकर होते, हे येथे राहिल्यावाचून ध्यानात येत नाही. पुण्यात ऐन हिवाळ्यातही सहा वाजेपर्यंत पश्चिमेला थोडा उजेड असतो. येथे नोव्हेंबरच्या अखेरीस साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो. प्रमाणवेळ तीच, पण दिवसाचा अर्धा तास कोणी परस्पर काढून घेतल्यासारखे वाटत राहते. अशा ऋतूच्या तोंडाशी, घटस्थापनेच्या आठवड्यात, मी लांब पल्ल्याचे धावणे सुरू करावे, हे माझ्या सहकाऱ्यांना अविचाराचे वाटले. ते अगदीच चुकीचे नव्हते.

‘आभासी धाव’ असे या प्रकाराला म्हणतात. आपण आपल्या राहत्या गावी धावायचे, मनगटावरच्या घड्याळाने अंतर मोजायचे आणि ते दूरच्या एखाद्या वाटेच्या नकाशावर जमा करीत जायचे. नकाशावरचा ठिपका पुढे सरकतो, माणूस जागच्या जागी राहतो. (‘आभासी’ हा शब्द मला पटत नाही. ज्या भाषेत मानसपूजा रुळली आहे, तिला येथे आभासाला पाचारण करण्याचे कारण नव्हते.) बरोबरच्यांनी हिमालयातल्या, युरोपातल्या वाटा निवडल्या. मी आळंदी ते पंढरपूर ही सुमारे २५० किलोमीटरांची वाट घेतली. मुदत ६० दिवसांची.

या निवडीला एक जुने कारण आहे. मी फलटणची. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या गावी मुक्कामाला येते. विमानतळाच्या मैदानावर तळ पडतो आणि घरोघरी पिठले-भाकरी रांधली जाते. आम्ही वाढणारे होतो, चालणारे नव्हतो. वडील तेवढे दर वर्षी फलटणहून बरडपर्यंतचा एक टप्पा चालत आणि रात्री एस.टी.ने परत येत. मी प्रबंध लिहीत होते त्या वर्षी त्यांनी मला विचारले, “येतेस का बरडपर्यंत?” मी नाही म्हणाले. तेव्हा मी इरावती कर्व्यांच्या ‘वाटचाल’ या लेखावरचे आणि १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या दि. बा. मोकाशींच्या ‘पालखी’वरचे प्रकरण पुरे करीत होते. दिंडीतल्या पंक्ती जातीप्रमाणे वेगळ्या बसतात, हे पाहताना कर्व्यांच्या मनाची झालेली घालमेल मी पानेच्या पाने उलगडून दाखवली. दिंडी दारावरून जात होती आणि मी खिडकी लावून घेतली होती, कारण टाळांच्या आवाजात लिहिणे होत नव्हते. पुढे वीसेक वर्षे ही दोन पुस्तके मी वर्गात शिकवली. विद्यार्थी विचारीत, “आपण वारी केली आहे का?” मी म्हणे, “मी फलटणची आहे.” ते उत्तर खोटे नव्हते, पण ते उत्तरही नव्हते.

तर पहिले तीन आठवडे मी हिंडनच्या बाजूने धावले. ही नदी पाहण्यापेक्षा वासावरूनच आधी ओळखू येते. श्रावणात या शहरातून हरिद्वारचे गंगाजल घेऊन कावडिये जातात; कित्येक जण ते येथल्या दूधेश्वरनाथाला वाहतात. आमच्याकडे शिंगणापूरला चैत्रात कावडी मुंगी घाट चढतात, त्यामुळे कावड मला परकी नाही. परंतु तुलना करण्याची खोड जात नाही. पाणी खांद्यावर घेतलेला कावडिया बहुधा आपल्याच गावच्या महादेवाकडे चालत असतो; त्याची पावले घराकडे वळलेली असतात. वारकऱ्याचे घर पाठीमागे असते. तरी वारी म्हणजे मुळात फेरी, येरझार. परतणे तिच्या अर्थातच आहे. नामदेवांची पदे पंजाबपर्यंत गेली, त्यांतली ६१ गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि त्यांच्या स्मृतीच्या घुमानला २०१५ साली मराठी साहित्य संमेलनही भरले. दुआबातल्या धुळीत धावताना एवढ्या लांबची ती येरझार मला कधी नव्हे इतकी शारीरिक वाटली.

अंधार जसा अलीकडे सरकला, तशी माझी वाट आखडत गेली. आधी नदीकाठ सुटला. एकट्या बाईने तेथे किती वाजेपर्यंत असावे, हे कोणी सांगावे लागत नाही. मग दिव्यांचा मोठा रस्ता सुटला, कारण दिव्यांपेक्षा मोटारीच अधिक होत्या. छठच्या संध्याकाळी पुन्हा हिंडनवर गेले, ती धावायला नव्हे. कमरेइतक्या काळ्या पाण्यात हातात सूप धरून उभ्या असलेल्या पूर्वेकडच्या बायका मावळत्या सूर्याला अर्घ्य देत होत्या. ज्या अंधाराला मी इतके दिवस चुकवीत होते, त्याच्याकडे तोंड करून त्या उभ्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून मी आमच्या वसाहतीच्या कुंपणाच्या आतच धावू लागले. एक फेरी ६०० मीटरांची. दिवे घाट मी उभ्या केलेल्या मोटारींना प्रदक्षिणा घालून चढले, जेजुरी पाण्याच्या टाकीजवळ आली.

आई रोज रात्री फोनवर विचारते, “कुठवर आलीस?” तिला किलोमीटर कळत नाहीत, मुक्काम कळतात. पुण्याला दोन, सासवडला दोन, हे तिचे पाठ आहे. मी फेऱ्यांचे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “हे त्यांच्यासारखंच झालं.”

२०२० साली साथीमुळे वारी पायी निघाली नाही; पादुका एस.टी.ने पंढरपूरला नेण्यात आल्या. फलटणचा तळ त्या वर्षी मोकळा राहिला. वडिलांनी बरडच्या टप्प्याच्या दिवशी पहाटेपासून अंगणात फेऱ्या घातल्या. एका वाटीतला चिंचोका उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचा, अशी मोजणी. दुपारी आईने जबरदस्तीने बसवले, संध्याकाळी ते पुन्हा उठले. मला हे त्याच दिवशी फोनवर कळले होते आणि मी हसले होते. पुढल्या वर्षी ते गेले.

दिवाळीनंतर धूर उतरला. हवेचा निर्देशांक ४००च्या पलीकडे गेला की बाहेर धावणे म्हणजे छातीशी वैर. यंत्राच्या पट्ट्यावर धावलेले अंतरही स्पर्धेला चालते. मला ते चालेना. ठिपका तरडगावला थांबला. तेथून फलटण सुमारे २० किलोमीटर. रोज सकाळी भ्रमणध्वनीवर एकच निरोप येतो : आपण नियोजित अंतराच्या मागे आहात.

आईला हे सांगितले. “मागे कशी? मुक्काम आहे म्हणावं. लोणंदला तर अडीच दिवस असायचा,” ती म्हणाली. आणि लगेच, “फलटणला कधी येतेस ते सांग. पिठलं टाकीन.”

“आई, मी नाही येत. नकाशावर ठिपका येणार आहे.”

“कळतं मला. तरी सांग.”

खिडकीतून समोरची इमारत दिसत नव्हती. मी वहीत लिहिले : तरडगाव, मुक्काम चौथा.